ऐकणाऱ्याची सही

३ तारीख, सोमवार

शाळा उघडली. पोरगी नववीत गेली. सकाळी साडेसहालाच वेणी घालून तयार! एरवी आठ हाका माराव्या लागतात.

काल पुस्तकांना कव्हरं घातली. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून, पांढरी बाजू वर. "आई, सगळ्यांची छापील असतात गं," म्हणाली. म्हटलं, आतलं पुस्तक तेच असतं ना? इंग्रजीच्या पुस्तकावर मी नाव घालायला घेतलं, तर पेन काढून घेतलं हातातून. "तुझी इंग्रजी अक्षरं प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी दिसतात!" हसले मी. ती नाही हसली.

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात. म्हणून यंदापासून तिथे लिहिते आहे. कुणी उलटून बघत नाही.

४ तारीख, मंगळवार

इंग्रजीला नव्या मॅडम आल्या आहेत. पहिल्याच दिवशी नवा नियम — रोज संध्याकाळी धड्याचं एक पान घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याने वहीत तारीख घालून सही करायची. वर्षाअखेरीस त्याचे दहा गुण. "ऐकणाऱ्याला इंग्रजी आलंच पाहिजे असं नाही म्हणे," हे तिने असं सांगितलं जसं काही शिक्षाच झाली आहे.

मला इतका आनंद झाला! कणीक मळता मळता उठले, हात पुसले, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. चष्मासुद्धा लावला, ऐकायला चष्मा कशाला कोण जाणे.

"तू नुसती सही कर. मी मनात वाचलंय."

केली सही.

५ तारीख, बुधवार

सही केली.

६ तारीख, गुरुवार

सही केली. मॅट्रिकला मला इंग्रजीत छत्तीस गुण होते. काठावर का होईना, पास झाले होते. हे तिला सांगितलं नाही.

८ तारीख, शनिवार

"आई, पुढच्या आठवड्याच्या पण करून ठेव. रोज रोज कोण कटकट करणार!" तारखा तिने आधीच घालून आणल्या होत्या. सात सह्या केल्या.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण मान वर होईना. उद्याचा दिवस त्याने अजून दिलेला नाही, आणि मी त्याची पोच लिहून बसले! मिठाचा भाव विसरले तर ओळ कोरी ठेवते मी हिशेबाच्या वहीत, अंदाजाने आकडा घालत नाही. आणि इथे?

९ तारीख, रविवार

यांचा फोन आला, खाणीवरून. चार मिनिटं.

"सगळं ठीक?" — "ठीक." — "पोरगी?" — "ठीक." — "दे तिला."

ती इंग्रजीत काहीतरी बोलली. हे तिकडे मोठ्याने हसले, मला इथपर्यंत ऐकू आलं. फोन ठेवल्यावर विचारलं, काय गं म्हणालीस? "काही नाही, शाळेचं."

मग दोघी जेवलो. घड्याळाची टिकटिक फार मोठी आहे या घरात. हिवाळ्यात तेल घालून घेतलं होतं, तरी.

१२ तारीख, बुधवार

आज ऐकलं! चोरून, पण ऐकलं.

मी दाराआड शेंगा निवडत होते, ती गॅलरीत उभी राहून वाचत होती — कपडे वाळत घालायच्या दोरीला! काय आवाज आहे पोरीचा. एरवी माझ्याशी बोलताना कुठे ठेवते तो? समुद्रातल्या दिव्याच्या मनोऱ्याची गोष्ट असावी. 'सी' कळला, 'लॅम्प' कळला. मग एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता — 'नोबडी'. म्हणजे कुणी नाही. तो मला चांगला पाठ आहे.

शेंगांची परात सरकली आणि वाजली. तिने पुस्तक मिटलं.

"वाच ना," म्हटलं.

"तुला काय कळणार आहे?"

नसतं कळलं, खरं आहे. पण आवाज ऐकायला काय मॅट्रिक लागतं?

१४ तारीख, शुक्रवार

शाळेतून चिठ्ठी — एकवीसला पालकांची सभा, इंग्रजीच्या वर्गात. मुलांनीही यायचं.

"मॅडम विचारतीलच. रोज वाचते म्हणून सांग. जास्त बोलू नकोस. आणि ती बांधलेली चप्पल घालू नकोस, प्लीज."

१७ तारीख, सोमवार

पोथी उघडली, चार ओळी वाचल्या, मिटली. खोटी सही केलेल्या तोंडाने कसली पोथी वाचायची. खरं सांगितलं तर तिचे गुण जातील. आणि आत्ता दिवसाला दहा शब्द बोलते, तेही जातील. नाही सांगितलं तर — वर्षभर असंच. सही करणारा एक हात, बाकी घरात कुणी नाही.

देवा, तूच माझ्या तोंडून वदव काय ते.

२१ तारीख, शुक्रवार

सभा झाली.

मॅडम अगदी तरुण, बाहीला खडू लागलेला. आम्हाला मुलांच्या शेजारी बाकावर बसवलं, गुडघे मावेनात. प्रत्येकाला एकच प्रश्न, आपल्याच भाषेत — "तुम्ही ऐकलेल्यातलं काय लक्षात राहिलं?" कुणी इंग्रजीत सांगत होतं, कुणी हातवारे करत होतं. एक आजोबा म्हणाले, "नातू वाचतो तेव्हा मला छान झोप लागते!" सगळा वर्ग हसला. मॅडमही.

मग माझी पाळी. पोरगी खालून पाय दाबत होती.

म्हटलं, "मी एकही पान ऐकलेलं नाही. सह्या माझ्या आहेत, पण खोट्या. एक दिवस दाराआडून ऐकलं, तेवढंच खरं."

मॅडमनी वही मागून घेतली. माझ्या सगळ्या सह्यांवर आडवी रेघ मारली. "पहिल्या पानापासून पुन्हा," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर पोरगी फुटलीच. "सगळ्यांसमोर! कुणाची आई असं करते? आता मी तुझ्याशी बोलणारच नाही!" आणि दहा पावलं पुढे. घरापर्यंत दहा पावलांचं अंतर तिने सोडलं नाही. मी चालीचा वेग वाढवला की तीही वाढवायची.

२२ तारीख, शनिवार

बोलली नाही.

२३ तारीख, रविवार

बोलली नाही. यांच्या फोनवर बोलली. सभेसाठी मी चिकटवलेली चप्पल पुन्हा सुटली. आज पोथी मात्र नीट वाचून झाली. मन हलकं आहे, घर जड.

२४ तारीख, सोमवार

दुकानात जायचं होतं, मला कणकण होती. तिच्याकडे न बघता म्हटलं, यादी हिशेबाच्या वहीत आहे, ओट्याच्या खणात. यादीचं पान फाडेल असं वाटलं, तर अख्खी वहीच घेऊन गेली! दुकान कोपऱ्यावर. परत यायला तास लागला. सामान ओट्यावर ठेवलं, वही खणात, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दुकानात गर्दी असेल.

चहापत्ती आणायची विसरली. डोळे लाल दिसले. माझीच कणकण लागली की काय तिला?

२५ तारीख, मंगळवार

आत्ता वही उघडली. माझ्या प्रत्येक तारखेखाली, उजव्या कोपऱ्यात, निळ्या पेनाने बारीक सही आहे. तिची. तीन तारखेपासून कालपर्यंत, एकही दिवस सोडलेला नाही. काल रात्री मी लिहून झोपल्यावर केल्या असणार. बारा तारखेखाली दोनदा केली आहे.

बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला.

"आई, हात पूस. पहिलं पान."