नऊ रंग आणि एक नडगी

२५ सप्टें.
आज पिवळा. पामबीच रोडवर आमच्या धावायच्या ग्रुपचा फोटो झकास आला. डावी नडगी मात्र ठणकतेय. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, उद्या सुट्टी घे." मी म्हटलं, "वहिनी, एक रंग चुकला तर नवरात्राची मजाच गेली!" वर कडक उपास. वाटीभर साबुदाण्यावर धावतेय.

२८ सप्टें.
केशरी. जिना उतरताना डोळ्यांत पाणी. पेनकिलर घेतली, ह्यांना सांगितलं डोकं दुखतंय. वहिनींना तर बोललेच नाही. भावजी गेल्यापासून त्या कोपरखैरण्याच्या घराबाहेर पडत नव्हत्या, मीच ओढून आणलं धावायला. जानेवारीत दोघींनी मिळून दहा किमी धावायचंय. आता मीच बसले तर...

३ ऑक्टो.
सगळे रंग झाले, दसरा झाला. एमआरआयमध्ये हाडाला बारीक तडा. डॉक्टरांनी एका जागी बोटाने दाबलं, मी किंचाळलेच. "दुखायला लागलं तेव्हाच थांबला असतात तर लवकर सुटला असतात. उपाशी, रोज, एक दिवस विश्रांती नाही. कोणी सांगितलं होतं?" कोणी नाही. हौस मेली! जानेवारी विसरा म्हणाले. माती खाल्ली मी. हे एवढंच म्हणाले, "फोटो फ्रेम करून घेऊ."

१९ ऑक्टो.
पायात गुडघ्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा बूट. वहिनी फराळ घेऊन आल्या. "तू नाहीस तर मी पण नाही गं." ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, मग स्वतःचीच लाज वाटली. दटावलं त्यांना, तुम्ही जायचंच म्हणून.

२४ नोव्हें.
बूट निघाला. पोटरी पार वाळलीय. फिजिओने टाचा उचलायचा व्यायाम दिलाय, आणि सोसायटीच्या आवारात चालायचं. धावणं इतक्यात नाही. वहिनी आता एकट्या जातात ग्रुपबरोबर. फोनवर खळखळून हसतात. किती दिवसांनी! मी तिथे हवी होते.

१२ डिसें.
वहिनींचा फोन. बोलता बोलता म्हणाल्या, "उजवी नडगी जरा धरलीय. टेन्शन नको घेऊ."
"एका बोटाने दाबून बघा, एकाच जागी दुखतंय?"
"हो गं. तिथेच."
म्हटलं, उद्यापासून बंद, आधी डॉक्टर. आत्ता थांबलात तर पुढचं वाचेल. माझी दशा बघताय ना?
मग म्हणाल्या, "थांबले की मी घरात बसणार. आणि एकदा बसले की काय होतं, तू बघितलंयस."
खोटं कुठे बोलत होत्या? शेवटी म्हटलं, "उद्या पहाटे रिक्षा करून येते तुमच्याकडे."
"ये. चहा टाकते. पण मला अडवू नकोस."