आवाज न चढवण्याचा नेम

आदरणीय आत्याबाईंना,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुमचे गुडघे सध्या जिने चढू देत असतील अशी आशा आहे. इकडे बाबांचा रक्तदाब ठीक, भूक ठीक. कान तेवढे होते तसेच. मीही बरी आहे. पण मी त्यांच्याशी बोलत नाही असं बाबा सगळीकडे सांगत सुटले आहेत, तेव्हा खरी हकिगत तुम्हाला माझ्याकडून कळलेली बरी.

पाळकसाहेबांनी इंद्रियदमनावर उपदेश केला. खाण्यापिण्याचा मोह मला फारसा नाही, म्हणून मी आवाज निवडला. घरात आवाज चढवायचा नाही, असा प्रार्थनेत नेम केला. (दिवसभर लोकांना श्रवणयंत्रं बसवणाऱ्या आणि घरी ऐकू न येणारे वडील असणाऱ्या मुलीनं आधी थोडा विचार करायला हवा होता. देवानंही अडवलं नाही.)

नेम मी काटेकोर पाळला. दूध उतू जात होतं, बाबा शेगडीशेजारी पेपर वाचत होते आणि माझे हात साबणात होते. मी न्हाणीघरातून सौम्य स्वरात सांगितलं. मग तितक्याच सौम्य स्वरात पुन्हा सांगितलं. दूध गेलं, पातेलं करपलं, आणि मी मनात स्वतःला शाबासकी दिली. जेवायची हाकही अशीच मारली. ते आले नाहीत, तर मर्जी त्यांची म्हणून ताट झाकून ठेवलं. मला वाटत होतं, हा संयम. बाबांना वाटलं, पोरीनं अबोला धरला.

त्यांनी पाळकसाहेबांना घरी बोलावलं. मी माझी बाजू सविस्तर मांडली, अर्थात नेमातल्याच आवाजात. पाळकसाहेबांनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल बाळ, काही कळलं नाही."

"बघा," बाबा म्हणाले, "माझे कान ठणठणीत आहेत. हीच पुटपुटते."

पाळकसाहेब गेल्यावर मी बाबांसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि त्याच आवाजात म्हटलं, "बाबा, मी रागावलेली नाही." त्यांना सगळं ऐकू आलं. थोडा वेळ ते माझा हात धरून बसले. दवाखान्यात मी पेशंटच्या घरच्यांना हेच सांगते: जवळ जा, समोर बसा, सावकाश बोला. घरी मात्र मी आधी दुसऱ्या खोलीतून ओरडत होते, आणि नेमानंतर दुसऱ्या खोलीतूनच कुजबुजत होते. घसा ताब्यात आला होता, उठायचा कंटाळा तसाच होता. प्रभू लांबूनही आजाऱ्यांना बरं करू शकत असे, पण बहुतेक वेळा जवळ जाऊन हात लावत असे, हे मला तेव्हा आठवलं. आता उठून जाते.

तुमची,
भाची

ता. क. बाबांसाठी यंत्र काढून ठेवलं आहे. ते म्हणतात, "ताई माझ्याहून मोठी, तिला सगळं ऐकू येतं, मग मला कशाला?" तुमच्या कानामागचं यंत्र मी बसवलं तेव्हा कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता, तो पाळते आहे. पण इकडे याल तेव्हा अंबाडा जरा वर बांधाल का?

ता. क. दुसरा. हे लिहिताना बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, कोणाला लिहितेस. मी उठून गेले, समोर बसून सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा गेले. त्यानंतर विचारलं तेव्हा मी जागेवरूनच ओरडले. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. बाबा खुशीत म्हणाले, "हं, आता कशी माणसासारखी बोललीस." तेव्हा लवकर या.