बाच्या टॅक्सीतलं ताट

३ मार्च
डबा आज पुन्हा रिकामा आणि बा पुन्हा उपाशी! सकाळी इन्सुलिन टोचून जातो, दुपारी वेळेवर जेवला नाही की हात कापतात. परवा अझिलालच्या घाटात डोळ्यांपुढे अंधारी आली. मागे चार प्रवासी, पुढे दोन, खाली दरी. गाडी कशीबशी कडेला घेतली म्हणे.

टॅक्सी भरेपर्यंत स्टँडवर जेवायचं, एवढंच तर आहे. पण डबा उघडला की आधी प्रवाशांना बोलावणार — बिस्मिल्ला, या जेवायला! सहाजणांचे हात, आणि रोटी एक. मी रागावले तर म्हणाला, "माणसांसमोर एकटाच गिळू? कुत्रा आहे का मी?"

९ मार्च
मामाच्या सुतारखान्यात ताट बनवलं. स्टिअरिंगला अडकतं. मसुराला खळगा, ऑलिव्हला खळगा, रोटी उभी राहायला फट. मुद्दाम एकाच माणसापुरतं.

१० मार्च
बाने रोटीचे सात तुकडे करून फटीत ओळीने लावले. फार सोयीचं झालं म्हणाला, वाटायला! मी कपाळावर हात मारला.

१४ मार्च
ताटाला उजवीकडे, शेजारच्या सीटच्या बाजूला, उभी फळी ठोकली, आडोसा म्हणून. आणि प्रवाशांच्या बाजूने रंगाने लिहिलं — "चालकाला मधुमेह आहे. जेवायला बोलावलं तर 'जेवून आलो' म्हणा."

बाला वाचता येत नाही. मशिदीतला साक्षरता वर्गही सोडला म्हणाला, डोक्यात शिरत नाही म्हणून. आजार त्याने शेजाऱ्यांनाही कळू दिलेला नाही. मी तो टॅक्सीभर वाचायला लावला. लाज वाटते. पण दरी आठवते.

१७ मार्च
बाचा चेहरा पडलेला. "हल्ली कोणी घासभरसुद्धा घेत नाही गं. माझ्या हाताला काय झालंय?"

हाताला काही झालेलं नाही. स्थिर आहे! मी आत जाऊन रडले.

२७ मार्च
डबा रोज चाटूनपुसून रिकामा. बा गुणगुणत घरी येतो. आई म्हणते, वाळलाय. तिला सगळ्यातच खोट दिसते.

३ एप्रिल, शुक्रवार
टॅक्सी धुवायला घेतली. फळीवर माझ्या ओळीखाली खडूने लिहिलंय, पहिलीतल्या मुलासारखी मोठी, वाकडी अक्षरं —
"मुलगी घाबरट आहे. तिचं मनावर घेऊ नका. या, जेवा."