पडण्याआधीची बाई

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
शंकर नगरात खोली मिळाली! एकट्या पोराला खोली देत नाही म्हणून चार घरांनी परत पाठवलं होतं. अंजनाबाईंनी मात्र दारातच ‘हव’ म्हटलं. खिडकी पूर्वेला, पाणी दोन वेळा. उद्यापासून सिलतऱ्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर ट्रकचे नंबर लिहायचे. नागपुरात मेंदूचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले. एकही फिट नाही. माझी दहावी फिटांनीच खाल्ली. रोज लिहून ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
फिट नाही. पूर्वी फिट येण्याआधी डावीकडे हिरव्या लुगड्यातली एक बाई दिसायची. दर वेळी एक पाऊल जवळ. ती हात लांबवायची, तेवढ्यात मी पडायचो. डॉक्टर म्हणाले, ती बाई म्हणजे मेंदूतला व्रण, तोच कापला. खरंच, पुन्हा दिसली नाही.
अंजनाबाईंनी पोह्यांच्या दोन ताटल्या दिल्या. दोन्ही मीच खाल्ल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
अंजनाबाईंनी टोमणा मारला, तुझी माय काहून बोलत नाही, एवढा कशाचा गर्व? मी म्हटलं, मी चार वर्षांचा असतानाच आई गेली. त्या हसल्या. म्हणाल्या, पोट्ट्या, जित्या मायले मारतं का? तिले पाहूनच तर खोली देल्ली, एकट्या पोट्ट्याले कोण देते? ते हिरवं लुगडं पार विटलं, नवं घेऊन दे म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरांना फोन केला. मेंदूचे फोटो स्वच्छ आहेत, अभिनंदन म्हणाले. मी विचारलं, तुम्ही ती बाई कापली, की माझं बघणं कापलं? तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

१७ फेब्रुवारी
काट्यावरचे धर्मपालभैया रागावले. आईला इथे आणू नको, गाड्या फिरतात. मी विचारलं, कुठे आहे? म्हणाले, चेष्टा करतो का, तुझ्या खुर्चीला टेकून तर —

१८ फेब्रुवारी
गोळ्या बंद केल्या. फिट यायला हवी. पडलो की ती जायची. पडणंच मला वाचवत होतं आणि आम्ही तेच कापून — नोकरी गेली तरी चालेल.

१९ फेब्रुवारी
जागरण केलं. उपाशी राहिलो. फिट नाही.
ऑपरेशन फारच चांगलं झालं.

२० फेब्रुवारी, सकाळ
अंजनाबाई चहा घेऊन दारात आल्या. थांबल्या. म्हणतात, माय तुले एवढी घट्ट काहून धरून राहिली?
मला काहीच दिसत नाही. डावा हात हलत ना