आबा अध्यक्ष झाले असते तर

आबा, अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक पुन्हा होऊन गेली. तुम्ही असता तर पांडेसऱ्याच्या मिलमधून आल्या आल्या, नखांतला रंगही न काढता, टीव्हीपुढे खुर्ची ओढली असती आणि हरलेल्याची बाजू घेतली असती. जिंकलेल्यात तुम्हाला कधी रस नव्हता. "तो दुसरा येता तर लढाई झाली नसती," इथून तुमची गाडी सुटायची. लढाई नाही म्हणून तेल स्वस्त, तेल स्वस्त म्हणून पॉलिस्टरचा धागा स्वस्त, म्हणून मिल तिन्ही पाळ्या चालू, म्हणून आपल्या घराला वरचा मजला. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "मग त्याला कळवा तरी, तुमच्यापायी आमचा मजला अडलाय म्हणून."

पण तुमचा सगळ्यात लाडका हरलेला उमेदवार तुम्ही स्वतःच होतात. आपल्या खानदेशी मंडळाच्या अध्यक्षपदाला तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी बारावीत होते. निवडून आलो तर पहिल्याच वर्षी सामुदायिक लग्नं लावीन आणि पहिली माझी पोर मांडवात उभी करीन, असं तुम्ही मंदिराच्या ओट्यावरून सांगून टाकलंत. बमरोलीचा मुलगा बघूनही ठेवला होता. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि मला कॉलेजात जायचं होतं.

निम्म्या बायकांना वाचता येत नसे, म्हणून मतदान चिंध्यांवर. तुमची हिरवी, समोरच्याची निळी. मिलमध्ये रंग बनवणारे कलर मास्तर तुम्हीच, तेव्हा दोन्ही तुम्हीच रंगवून आणल्या होत्यात. एका घराचं एक मत. दोन्ही घेऊन साडीच्या पडद्याआड जायचं, एक चिंधी डब्यात टाकायची, उरलेली तिथल्याच शेगडीत जाळायची. कुणी कुणाला दिलं ते कळायला नको. उमेदवारानं स्वतःचं मत स्वतःच्या हातानं टाकू नये, ही रीतही तुमचीच. आई गावी गेलेली, म्हणून आपल्या घराचं मत टाकायला मी गेले. मी निळी टाकली.

तुम्ही एका मतानं पडलात. "त्यानीच घात करा," तुम्ही शेजारच्या काकांकडे बोट दाखवून म्हणालात. एकाच मिलमध्ये उभं आयुष्य काढलेले तुम्ही दोघे, एका डब्यातलं खाणारे. त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्याशी बोलणं सोडलंत. मग वर्षानुवर्षं तेच पालुपद, मी आलो असतो तर हॉल झाला असता, वाचनालय झालं असतं. माझ्या लग्नाचा विषय त्या रुसव्यात बाजूला पडला आणि मी कॉलेजात गेले. आता मी कलर लॅबमध्ये बसते. तुमचंच काम, फक्त कॉम्प्युटरवर.

आज काका आले होते. आता काठीशिवाय चालवत नाही त्यांना. बसल्या बसल्या म्हणाले, "तुना बाप मन्हासंगे बोलना नही ते नहीच. मी त्यालेच मत दिधं व्हतं." तुमचं मत कुणी फोडलं ते मला ठाऊक होतं. मी चहा टाकायला उठले.

तुमच्यासारखंच मीही मांडून बघते. हिरवी टाकली असती तर तुम्ही अध्यक्ष, काका आपल्या ओट्यावर, मी बमरोलीत. तुम्हा दोघांचं म्हातारपण बरं गेलं असतं. त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. तरी दर वेळी हात निळीकडेच जातो.

एक मात्र अजून सुटत नाही. हिरवी चिंधी शेगडीत ढकलताना वितळलेलं पॉलिस्टर माझ्या बोटाला चिकटलं होतं. घरी तुम्ही बोट हातात धरून बराच वेळ बघितलंत, तूप लावलंत आणि काही विचारलं नाहीत. तो ठिपका हिरवा होता, आबा, आणि शेड ओळखण्यात तुम्ही कधी चुकला नव्हतात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. माझ्याशी भांडण्यापेक्षा तुम्हाला काकांशी भांडणं सोपं गेलं, आणि मी ते होऊ दिलं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पण काकांचं घर दहा पावलांवर आहे. त्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला, आणि ते मत माझं होतं हे सांगायचं सोडून मी कप विसळायला आत नेला.