दुभाष्याची सही

तीर्थरूप आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात थर्मामीटर आहे, तो हिशेबात धरू नकोस). गुडघे कसे आहेत? दुखत असतील तर दुखतात असं स्पष्ट लिही. हल्ली मला अंदाजांची धास्तीच बसली आहे.

कारण आमच्या वॉर्डातले आजोबा. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना बंदरावरून आणलं. कागदपत्रं नाहीत आणि बोलतात ती भाषा कोणाच्या बापाला कळत नाही. (फोनवर पाच दुभाषे ऐकून गेले. पाचवा म्हणाला, ही भाषाच नसावी. त्यावर आजोबांनी जे काही सुनावलं, त्यावरून भाषा आहे हे नक्की.) मग मीच त्यांच्या शब्दांची वही घातली. नसता शहाणपणा, दुसरं काय! पाण्याचा ग्लास दाखवला, ते काही बोलले, मी लिहिलं 'पाणी'. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या कबुतरालाही तेच म्हणाले. आता ते पाणी, की 'बघ', की 'गेलं एकदाचं'? स्वयंपाकीणबाई छातीठोकपणे सांगतात, ते सुपाचं कौतुक करतात. डॉक्टरांना त्यातच पायाची कळ ऐकू येते. मला वाटतं, ते मला जरा बस म्हणतात (माझे पाय दिवसभर भरून आलेले असतात). ज्याने त्याने आपलंच त्यांच्या तोंडी घातलंय, आणि माणूस बिचारा तसाच पडून.

पण 'हो' मला पक्कं सापडलं होतं. सुई दाखवून मी "टोचू का?" विचारायचे, ते एक शब्द बोलायचे, मी टोचायचे. काल डॉक्टरांनी त्यांच्या सडलेल्या पायाकडे बोट दाखवून कापायची खूण केली. आजोबा तोच शब्द बोलले आणि मी ऐटीत सांगितलं, "हो म्हणतायत." बाहेर आले आणि वहीतला तो शब्द काढून बघितला. अगं, ते 'नको' म्हणत असते तरी मी सुई टोचलीच असती की! मग त्या शब्दाचं 'हो' केलं कोणी? पाय ठेवला तर महिनाभरही जगणार नाहीत, हे डॉक्टरांचं खरंच आहे. पण पाय त्यांचा आहे, आत्या.

तुझी,
अतिशहाणी भाची

ता. क. उद्या अकराला संमतीच्या कागदावर दुभाष्याची सही माझी हवी आहे. चाळीस वर्षं भाषा शिकवल्या आहेस, तू ये. पत्र अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, त्याच्याच गाडीतून ये (घाबरू नकोस, पुढे बसवेल).

ता. क. दुसरा: त्यांची भाषा तुलाही कळणार नाही, मला ठाऊक आहे. मी सही करणार नाहीये. कापायचा तर डॉक्टरांनी आपल्या जबाबदारीवर कापावा, आजोबांच्या नावावर नको. पण "मला यांचं काहीच कळलेलं नाही" असं सगळ्यांसमोर म्हणताना शेजारी कोणीतरी उभं हवंय, ज्याला निदान माझं बोलणं कळतं.