पुणतांब्याचा बंब

१२ जानेवारी १९७३
बंब पहाटे पेटवला, पाणी तापलं दुपारी. आंघोळ जेवणानंतर झाली. देव पारोसे राहिले ते वेगळंच.

यंदा पाऊस नाही. विहीर तळाला गेलीय आणि तळचं पाणी भलतं जड. बंबाच्या आत क्षाराचा थर असा माजलाय की जाळ त्या दगडालाच तापवत बसतो, पाणी आपलं गार. लेक छबू पहिल्या बाळंतपणाला येतेय. बाळंतिणीला दोन वेळा कढत पाणी हवं. एवढ्या गोवऱ्या आणू कुठून — जनावरं तर चारा-छावणीत.

१३ जानेवारी
बंब ठोकून साफ करू म्हणालो. चांगुणा भडकली. "बंबाला काय धाड भरलीय? तुमच्या पाण्यातच खोट. आमच्या पुणतांब्याला गोदागंगेचं पाणी. तिथं आरशागत हुता."
बंब तिच्या बापानं आमच्या लग्नात दिलेला. त्याला नावं ठेवली की गेलेल्या सासऱ्यांना ठेवल्यासारखी.

१५ जानेवारी
केडगावचा दाऊद कल्हईवाला आला. बंबाला कान लावून बसला, वैद्यासारखा. मग हातोडी काढली. चांगुणा मध्ये उभी.
"ठोकायचं न्हाई. माझ्या बापाच्या पाठीत घातल्यागत वाटतंय."
"मग काय चाची, गोड बोलून काढू?"
"गोड न्हाई तर आंबट बोल, पण हात लावू नको."
दाऊदनं ते मनावर घेतलं. म्हणाला, चिंच घाला, रात्रभर राहू द्या. चहा पिऊन गेला.

१६ जानेवारी
घरातली चिंच संपली. शेजारची लंकाबाई लिंबाच्या लोणच्याचा खार घेऊन आली. दुपारपर्यंत आळीतल्या बायांनी जे आंबट सापडलं ते आणून ओतलं. खाली मंद जाळ ठेवलाय, बंब आतून फसफसतोय. बाया पदर सावरून ऐकत बसल्यात. चांगुणानं बंबाला हळद-कुंकू लावलं — चेहरा भजनाला बसल्यासारखा.

१७ जानेवारी
छबूला घेऊन जावई आले, गोरक्षनाथ. आम्ही पोरीच्या कौतुकात. बंब गरम दिसला म्हणून त्यांनी कुणाला न विचारता आंघोळ उरकली. बाहेर आले ते बोटं हुंगत.
"मामा, पाणी झकास. फक्त फोडणी द्यायची राहिलीय."
छबू हसून हसून खाली बसली. चांगुणा तिच्यावर खेकसली, "पोट सांभाळ!" आणि मग स्वतःच पदरात तोंड घालून हसत सुटली. जावयांची तांब्याची अंगठी मात्र लखलखीत झाली. सासुरवाडीला येऊन एवढं तरी पदरात पडलं.

१८ जानेवारी
थर सुटला! खापऱ्याच्या खापऱ्या निघाल्या, घमेलंभर. पाणी भरलं, दोन गोवऱ्या लावल्या, विडी ओढून होईपर्यंत कढत. चांगुणा आळीभर सांगत फिरली — बापाचं तांबं बघा.

१९ जानेवारी
न्हाणीत सगळीकडे पाणी. जाळ विझलेला. बंब उपडा करून पाहिला तर बुडाच्या सांध्याला भोक. करंगळी जाईल एवढं.
गळतं कशानं म्हणून घमेल्यातल्या खापऱ्या चाळल्या. एकीत चिंधी रुतलेली, चुन्यागुळात मळलेली. हिरवा काठ. चांगुणानं ती हातात घेतली आणि खालीच बसली.
"आईच्या लुगड्याचा हाय."
मला आठवलं. लग्नानंतर पहिले महिने बंब ठिबकायचा. सासरे म्हणाले होते, नवं तांबं घामतं, थांबेल आपोआप. आणि खरंच थांबलं. आम्ही सगळ्यांनी मानलं होतं. म्हणजे भोक तेव्हापासूनचं, आणि ते बुजवलं आमच्या विहिरीच्या थरानं.
दाऊदकडून भोकाला कथलाचा डाग देऊन आणू म्हणालो. ती म्हणाली, "बंब उंबऱ्याबाहेर न्यायचा न्हाई." दिवसभर माझ्या विहिरीच्या पाण्यालासुद्धा नावं ठेवली नाहीत.

२० जानेवारी
पहाटे उठलो तर चांगुणा न्हाणीत. स्वतःच्या नेसत्या लुगड्याचा काठ फाडून, चुन्यागुळात मळून भोकात ठासत होती.
"आपल्याच विहिरीचं भरा," म्हणाली. "लौकर थर धरंल. आणि छबूला म्हणावं, घामतंय."